पन्नास सेकंद

तोरगुनकडे तिचं जुनं स्टॉपवॉच आहे.
तीस हिवाळे ती स्की-शर्यतींच्या शेवटच्या रेषेशी उभी असायची;
मिशांना बर्फ चिकटलेली माणसं
तिच्या अंगठ्याखाली येऊन थांबायची.
आता शर्यत स्वयंपाकघरात आहे
आणि धावणारा खुर्चीत बसलेला.

हालवारचं दुखणं दोन जातींचं.
एक कण्यात बिऱ्हाड करून राहिलेलं,
सकाळ-संध्याकाळच्या गोळीनं गप्प बसणारं.
दुसरं अचानक:
बुटाची नाडी बांधायला वाकावं, शिंक यावी,
कधी काहीच नाही, नुसतं फ्योर्डवरची बोट बघत असावं,
आणि तिसऱ्या मिनिटाला ते टिपेला.
अर्ध्या तासात ओसरतंही, आपलं आपण.
पोटातून जाणारं औषध रक्तात पोचतं
तेव्हा हा घाम पुसत असतो.
वरातीमागून घोडं.

म्हणून आम्ही त्याला दहा पुड्या दिल्या.
जिभेखाली ठेवायच्या, क्रमांकानुसार.
सातांत फेंटानिल, तिनांत काही नाही.
कुठल्या तीन, ते त्याला ठाऊक नाही, तिला नाही,
डॉक्टरांना नाही,
त्रोनहाइममध्ये बसून आकडे भरणाऱ्या मलाही नाही.

माझ्यामागच्या कपाटात वर्षांनुसार निबंध आहेत.
खालच्या फळीवर सिरप आणि सुया.
मग काडीला लावलेलं औषध, गालाच्या आत चोळायचं,
मरणाऱ्या माणसाच्या हातात लहान मुलाची मिठाई.
मग गाल, जीभ, नाक.
आधीचे विचारायचे, किती?
नंतरचे विचारतात, किती लवकर?
अलीकडच्या पातळ फाइली दबकत विचारतात,
आणि मग सवय लागली तर?
याच औषधानं रस्त्यावर माणसं मरतात,
तेही त्याच कपाटात, फक्त दुसऱ्या खणात.
एकदा मी निबंधांचे देश मोजले, नकाशावर टिंबं दिली.
वरचा भाग गोवर आल्यासारखा लाल झाला.
खाली केवढी तरी कोरी जमीन राहिली,
दुखणं तिथं नसतं अशातली गोष्ट नाही.

सहावी पुडी.
तोरगुनचं अक्षर ताठ, पेन्सिलीचं:
पाच मिनिटं, आठ. दहा मिनिटं, आठ.
पंधरा मिनिटं, नऊ.
समासात: किटली उकळून थंड झाली.
खाली: ही रिकामी आहे. त्यालाही कळलंय.
तीस मिनिटं थांबून नेहमीचं औषध घ्यायची मुभा होती.
तीस मिनिटं तो थांबला.
म्हणाला, रिकामंही मोजायला हवं, नाहीतर भरलेलं कशावरून?
(बोटीच्या इंजिनांवर आयुष्य गेलेला माणूस,
पट्टी लावल्याशिवाय तेलाची पातळी सांगायचा नाही.)
शेवटची ओळ खोडलेली, पण वाचता येते:
एका हातात घड्याळ होतं, दुसऱ्यात त्याचा हात,
लिहायला तिसरा हवा होता.

नववी पुडी.
सुरुवात, नऊ.
मग रकान्याच्या बाहेर, छापील रेघ ओलांडून:
चार मिनिटं दहा सेकंद. खांदे खाली आले.
हेरिंग उरलंय का, विचारलं.

आमच्या तक्त्यात पाच आहे, दहा आहे, पंधरा आहे.
चार मिनिटं दहा सेकंद नाही.
मी टाइप करून पाहिलं, यंत्रानं लाल चौकट दाखवली.
मी पाच लिहिलं.

दहावी पुडी न फोडता टपालानं परत आली,
पाकिटावर तिकिटं जरा जास्तच लावलेली.
कारणाच्या रकान्यात मी यादीतला चौथा पर्याय निवडला.

वसंतात निबंध छापून येईल.
त्यात हालवार मध्यकाच्या जरासा डावीकडे असेल,
बिंदूएवढा, नाव नसलेला,
आणि औषध पन्नास सेकंदांनी हळू.
ते पन्नास सेकंद कुणाला परत पाठवू, कळत नाही.
तोरगुनला लिहायला बसले होते.
तारीख घातली.
पुढे अजून काही नाही.